थांबलेली गाडी, जागे मन

मुलांनो, माझे मामू टेंपो चालवतात. भिवंडी बायपासवर त्यांचा टेंपो अनेकदा वाहतूक कोंडीत अडकतो. शेजारी बसलेल्या मला दहा मिनिटेही तासासारखी वाटतात. असे का होते? हाताला काम नसले आणि रस्ता कधी सुटेल हे ठाऊक नसले, की वेळ जाता जात नाही. मन कंटाळते, भलतीकडे भटकते. धोका इथेच असतो! ताशी १० किलोमीटर वेगानेही गाडी एका सेकंदात सुमारे पावणेतीन मीटर पुढे जाते. तेवढ्यात एखादे मूल आडवे येऊ शकते. म्हणून मामू मोबाइलला हात लावत नाहीत. आरशात पाहतात, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतात. तुम्हीही थांबलेल्या गाड्यांमधून कधी धावू नका.