चंद्रगुप्ताचे हत्ती



मे महिन्यात आमच्या मेहरूणला दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही. त्यामुळे सुट्टीभर नववीतला मुलगा आणि त्याचा कॉम्प्युटर. खेळाचं नाव 'सिव्हिलायझेशन 6'. बुद्धिबळासारखी एक खेळी तुमची, मग समोरच्यांची. पण यात शहरं वसवायची, शेती करायची, सैन्य उभारायचं.

मी रागावणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "मम्मी, मी चंद्रगुप्त मौर्य घेतलाय!" मग काय, बसले शेजारी.

खरं सांगते, तो हिशोब मला आवडला. घरखर्चासारखाच आहे. शहराची ताकद ठरलेली, सैनिक बनवायला घेतले की धान्याचं कोठार मागे पडतं. लोखंडाची खाण नसेल तर तलवारवाले मिळत नाहीत. चंद्रगुप्ताने राज्यविस्ताराचं युद्ध पुकारलं की पहिल्या 10 खेळ्या त्याचं सैन्य भराभर चालतं आणि जोराने लढतं. म्हणून आधी सगळं सीमेवर जमवायचं, मगच पुकारायचं. मुलगा घाई करत होता. मीच म्हटलं, "थांब रे, अजून दोन हत्ती होऊ दे."

संध्याकाळी सामायिकाला बसले. 48 मिनिटं. हातात माळ, आणि डोक्यात पलीकडच्या शहराची तटबंदी!

आपलं आठवं व्रत अनर्थदंड विरमण. दुसऱ्याचं वाईट चिंतणं, हत्यारं पुरवणं, पापाचा सल्ला देणं, सगळं त्यात येतं. एका दुपारीत मी तिन्ही केलं. रक्षणाची गोष्ट वेगळी. आपल्याच जिल्ह्यात वरणगावला 1964 पासून काडतुसांचा कारखाना आहे, सीमेवरच्या जवानाला ती लागतात. पण मी कुणाचं रक्षण करत होते? ते शहर तर मुकाट्याने शेती करत होतं.

"कॉम्प्युटरमध्ये कुठे जीव असतो?" हे म्हणाले. नसतो. पण यशोधर राजाची कथा आठवा. त्याने बळी दिला तो पिठाचा कोंबडा होता, तरी माय-लेकांना केवढे जन्म भोगावे लागले. आणि आग्रह आईचाच होता.

दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं की दिगंबर परंपरेप्रमाणे चंद्रगुप्ताने राज्य सोडलं, भद्रबाहू स्वामींबरोबर श्रवणबेळगोळला गेला आणि सल्लेखना घेतली. तिथल्या चंद्रगिरी टेकडीला त्याचंच नाव आहे. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मग गेममध्ये त्याचं बटण का नाही?"

याला काय उत्तर देणार! सहाव्या व्रतात आपण दिशांची मर्यादा घालतो, तशी त्याला घालून दिली. पूर्वेला नदीपर्यंत, उत्तरेला डोंगरापर्यंत, त्यापुढे जायचं नाही. कुरकुरत मानलं त्याने. आता कालवे काढतोय, मंदिरं बांधतोय.

आज सकाळी मी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. आतून हाक आली, "मम्मी, शेजाऱ्याचे घोडेस्वार नदीपलीकडे जमलेत. हत्ती किती करू?"

"आधी तट बांध," मी म्हटलं. जरा वेळाने उठून बघायला गेलेच. घोडेस्वार बरेच होते.

"दोन कर," म्हटलं.