घरचा रांजण

वाईन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्स उभं राहतं. लांबट बाटली, उंच दांडीचा ग्लास, आणि तो ग्लास गोल गोल फिरवून त्यात नाक खुपसणारा कुणीतरी गंभीर माणूस. मग तो सांगणार की हिला ओल्या मातीचा वास आहे, चामड्याचा आहे, शिवाय चेरीचाही आहे. मला आपला द्राक्षाचा वास येतो. असो. फ्रेंच लोकांशी माझं काही भांडण नाही, पण वाईनचं आजवर माहीत असलेलं सगळ्यात जुनं घर त्यांच्याकडे नाही. ते आहे जॉर्जियात. अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे हं, काळ्या समुद्राच्या पूर्वेला कॉकेशसच्या कुशीत बसलेला छोटासा देश.

राजधानी त्बिलिसीच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर गदाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा नावाची दोन टेकाडं आहेत. तिथल्या उत्खननात सापडलेल्या खापरांत मुरलेले अंश तपासून शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलं की ही वाईनची भांडी होती, आणि ती इ. स. पूर्व ६००० ते ५८०० या काळातली. म्हणजे झाली की सुमारे ८००० वर्षं! खूण पटली ती मुख्यतः टार्टारिक आम्लावरून. आपल्या चिंचेला आंबटपणा देणारं हेच ते आम्ल. पण त्या मुलखात चिंच नाही, तिथे ते भरपूर असतं ते द्राक्षात.

मी मूळचा तासगाव तालुक्यातला. घरी द्राक्षबाग आहे, चुलतभाऊ बघतो. त्यामुळे कुठल्याही देशात गेलो की लोक किल्ले आणि म्युझियम बघतात, मी वेली बघत हिंडतो. बांधणी कशी केलीय, छाटणी कुठे घेतलीय, पानावर डाग आहे का... सवयच ती, जाता जात नाही. जॉर्जियात गेलो तेही त्याच सवयीपायी. ऑक्टोबरचे पहिले दिवस होते. आमच्याकडे त्याच दिवसांत फळछाटणी चालते, म्हणजे हंगामाची सुरुवात. काखेती प्रांतात मात्र हंगामाचा शेवट चालला होता. ते या तोडणीला 'रत्वेली' म्हणतात. अलाझानी नदीचं लांबरुंद खोरं, समोर कॉकेशसची बर्फाळ भिंत, आणि रस्त्यावर द्राक्षं लादलेली जुनी सोव्हिएत वाहनं. मार्चमधल्या तासगावच्या रस्त्याची आठवण झाली, बर्फ तेवढं वजा करायचं.

तेलावीजवळच्या एका खेड्यात एका कुटुंबाकडे उतरलो होतो. घरामागे एक बिनखिडक्यांची खोली, तिला म्हणतात 'मारानी'. आत शिरलो तर काहीच नाही! ना पिंप, ना टाकी. नुसती मातीची जमीन आणि तिच्यात ओळीनं सात-आठ गोल तोंडं. ती तोंडं होती रांजणांची. अख्खे रांजण मानेपर्यंत पुरलेले. त्यांचं नाव 'क्वेव्री'. अंड्यासारखा आकार, खाली निमुळता. शे-दोनशे लिटरपासून दोन-तीन हजार लिटरपर्यंत माल मावेल असे वेगवेगळे.

मला एकदम हरिपूर आठवलं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीखाली पेवं असत. मातीच्या पोटात गारवा उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसा बदलत नाही, या एकाच ज्ञानावर दोन्ही गोष्टी उभ्या. पेवाचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

वाईन करायची रीत इतकी साधी की आपण फसलोय असं वाटावं. द्राक्षं तुडवायची. रस, सालं, बिया आणि बऱ्याचदा देठसुद्धा, सगळं रांजणात. द्राक्षाच्या सालीवर निसर्गतःच किण्व असतं, ते आपणहून कामाला लागतं. आंबण्याच्या दिवसांत दिवसातून तीन-चार वेळा लाकडी दांड्यानं ढवळायचं, कारण सालं वर येऊन थर धरतात. उकळी बसली, सालं तळाला गेली की झाकण ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. मग पाच-सहा महिने तिकडे बघायचं नाही. वसंतात उघडायचं. पांढऱ्या द्राक्षाची वाईनही इतके दिवस सालीबरोबर राहिल्यानं मधासारख्या, अंबराच्या रंगाची होते. लाल वाईनला हे लोक चक्क 'काळी' म्हणतात. उरलेल्या चोथ्याला म्हणतात 'चाचा', आणि तो ऊर्ध्वपातित करून काढलेल्या जहाल दारूलाही 'चाचा'च. हा चाचा फार मायाळू नाही, एवढं सांगून ठेवतो.

पण मला खरी चाट पडली ती वेगळ्याच गोष्टीनं. त्या घरची बरीचशी द्राक्षं कारखान्याला जाणार होती, किलोच्या दरानं. पण ट्रॅक्टर भरायच्या आधी घरचा माणूस बागेतून फिरून उत्तम घड स्वतः काढत होता, आणि ते चालले होते घरच्या रांजणात. आधी घरचं, मग कारखान्याचं. आमच्याकडे बरोबर उलट. एक्स्पोर्टचा माल कागदात गुंडाळून पेटीत जातो, त्याच्या खालचा लोकल मार्केटला, त्याच्या खालचा बेदाण्याला, आणि आम्ही घरी खातो ती गळालेली मणी. मी त्याला विचारलं, विकायचा चांगला माल घरी का ठेवता? त्याच्या मुलीनं इंग्रजीत भाषांतर केलं, तरी त्याला प्रश्नच कळला नाही. दोनदा विचारला. शेवटी म्हणाला, "पाहुण्यांना मग काय देऊ?"

तर या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करतोय.

कारण त्या देशाची वाईन वाचली ती याच घरच्या रांजणामुळे. १९२१ साली जॉर्जिया सोव्हिएत सत्तेखाली गेला. पुढे सामुदायिक शेती आली, वाईनचे सरकारी कारखाने आले, आणि सगळा हिशोब टनांचा झाला. जॉर्जियाच्या स्वतःच्या द्राक्षजाती पाचशेहून जास्त, पण कारखान्यांना लागत होत्या मोजक्याच. पांढऱ्यात रकात्सितेली, काळ्यात सापेरावी, अशा भरपूर उत्पन्न देणाऱ्या. बाकीच्या जाती मागे पडल्या. रांजण कारखान्याच्या कामाचा नव्हता. मग १९८५ साली गोर्बाचेव्ह यांची दारूविरोधी मोहीम आली आणि उभ्या बागा उपटल्या गेल्या. एवढ्या सगळ्यात रांजण टिकला तो परसात. परसातल्या चार वेली आणि मारानीतले दोन रांजण कुठल्याच योजनेत बसत नव्हते, आणि त्यांना बाजारात काही किंमत नव्हती. किंमत नव्हती म्हणूनच भाव पडल्यानं ते मोडले नाहीत.

स्वातंत्र्य १९९१ साली मिळालं, तरी गिऱ्हाईक जुनंच राहिलं. निर्यातीचा फार मोठा भाग एकट्या रशियाला जायचा. २००६ साली रशियानं एका झटक्यात जॉर्जियाच्या वाईनवर बंदी घातली. कारण सांगितलं कीटकनाशकांचे अंश आणि भेसळ. दोन देशांमधलं बिघडलेलं राजकारण मात्र सगळ्यांना दिसत होतं. २००८ साली तर युद्धच झालं. बंदी उठायला २०१३ उजाडलं. मधल्या काळात नवी गिऱ्हाइकं शोधताना वाईनवाल्यांच्या लक्षात आलं की साध्या लाल-पांढऱ्या वाईनला जगात तोटा नाही, पण आपल्या आज्यांच्या रांजणातली अंबरी वाईन कुणाकडेच नाही! ज्याला कारखान्यानं अडगळ मानलं, तेच दाखवायला बाहेर काढलं गेलं. २०१३च्या डिसेंबरात युनेस्कोनं या क्वेव्रीच्या पद्धतीची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

आता पेवाकडे येतो. हरिपूरची पेवं तर आपल्याच घरची गोष्ट. एकेका पेवात केवढी हळद मावायची, वर्षानुवर्षं टिकायची. पण पेव हे पूर्णपणे व्यापाराचं होतं. २००५च्या महापुरात पाणी शिरलं, मालाचं नुकसान झालं, तोवर गोदामं आलेलीच होती. पेवांचा वापर जवळपास संपला. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. व्यापाऱ्यानं माल सुरक्षित जागी ठेवायचा नाही तर काय करायचं? पण घरापुरतं पेव कुणी राखलं नव्हतं, त्यामुळे बाजार हलला आणि पेवाबरोबर ते खणायची, लिंपायची, भरायची अक्कलही गेली.

द्राक्षाचंही तेच. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडल्यावरून युरोपनं माल अडवला. गावात तेव्हा जे चेहरे पाहिले ते मला काखेतीत २००६ची हकीकत ऐकताना आठवत होते. फरक एवढाच की त्यांच्याकडे परत जायला एक रांजण होता. आमच्याकडे बेदाणा होता, खरं आहे, त्यानं पुष्कळांना तारलं. पण बेदाणाही शेवटी सौद्यावरच जाणार.

माझं हे सगळं तत्त्वज्ञान मी परत आल्यावर चुलतभावाला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, त्यास्नी सोसायटीचं कर्ज न्हाई वाटतं." मग औषधांच्या बिलाचा आकडा सांगितला. मी गप्प बसलो. कारण त्याचंही खरंच आहे. एकरी जेवढा खर्च तो बागेत ओततो तेवढा ओतल्यावर पहिला घड घरी ठेवा हे सांगणं सोपं, विशेषतः महिन्याला पगार घेणाऱ्यानं.

आणि जॉर्जियाचं चित्रही मी गोग्गोड करून सांगणार नाही. घरची वाईन दरवेळी चांगली असतेच असं नाही. मी दोन ठिकाणी चक्क व्हिनेगर प्यायलोय, तेही हसतमुखानं. रांजण घडवणारे कुंभार आता मोजकेच उरलेत. एक मोठा रांजण हातानं थर चढवत करायला आठवडेच्या आठवडे लागतात. त्यांच्या भट्ट्या आज पेटतात त्याला परदेशी मागणीचा हात आहे, नुसत्या घरच्या ओढीवर त्या कधीच विझल्या असत्या. आणि निर्यातीचं म्हणाल तर गेल्या काही वर्षांत अर्ध्याहून जास्त वाईन पुन्हा रशियालाच जातेय. ठेच लागली म्हणून माणूस रस्ता बदलतोच असं नाही.

तरीही त्या माणसाचं उत्तर माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या मेजवानीला 'सुप्रा' म्हणतात. एक जण 'तमादा' होतो, तो एकामागून एक विषय काढून बोलतो, आणि प्रत्येक बोलण्यानंतरच ग्लास उचलायचा. शांततेसाठी, गेलेल्यांसाठी, आईबापांसाठी, लेकरांसाठी. 'गाउमार्जोस' म्हणायचं, म्हणजे विजय असो. आपल्याकडे दारू लपून प्यायची गोष्ट. तिथे आजी आणि नातू एकाच टेबलाशी बसलेले, आणि मेलेल्या पणजोबांचं नाव घेऊन सगळे गप्प. (स्वयंपाकघरात मात्र बायकाच राबत होत्या, तेवढं आपल्यासारखंच.) हे सगळं ज्या वाईनवर चालतं ती विकत आणलेली असून चालत नाही. म्हणून तर पहिला घड रांजणात.

आमच्या बागेत वाईन करा असं मी म्हणत नाहीये, आणि गावात तसं म्हटलं तर लोक हाणतील. पण भावाला एवढंच सुचवलंय की बांधाकडेची एक ओळ घरची ठेवू. तिला वाढीची औषधं नकोत, मण्याची लांबी मोजायला नको, पावडर-डाऊनीला जेवढं अगदी लागेल तेवढंच मारू. आली तर पोरं खातील, पाहुणे खातील. भाऊ हसला. म्हणाला, "एक वळ जाईल म्हणजे किती पेट्या जातील, धरलंय का हिशोबात?"

मी धरलंय. पेट्यांचा आकडा त्याच्याकडे आहेच. आपण पाहुण्याला काय देतो, हा रकाना त्याच्या वहीत आजवर नव्हता. यंदाच्या छाटणीला बघू काय करतो ते.