नर्मदेतला गोटा आणि ब्रह्मकमळाचे पान

जन्मभर पाण्यात राहूनही जो आतून कोरडाच राहतो, अशा माणसाला आपल्या भाषेत ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतात. आमच्या बडोद्याच्या घरात असे गोटे पुष्कळ आहेत. खिडकीच्या पट्टीवर आहेत, पुस्तकांच्या कपाटात आहेत, आणि घरातल्या मंडळींचे ऐकायचे झाले तर एक आरामखुर्चीतही बसलेला असतो. याच घराच्या गच्चीवर मात्र अगदी उलट स्वभावाची मंडळी नांदतात. कोरफड, पानफुटी, निवडुंग, ब्रह्मकमळ! पंधरा-पंधरा दिवस कोणी विचारले नाही तरी यांची आतली ओल आटत नाही. गोट्यांचा छंद आमचा आणि झाडांचा आमच्या आईचा. एकाच छपराखाली हे दोन्ही छंद वर्षानुवर्षे सुखाने नांदले; परंतु त्यांच्यातला खरा भेद कळण्यासाठी आम्हांला साठी उलटावी लागली. ती हकीकत आज सांगावीशी वाटते.

आमच्या छंदाचे गुरू म्हणजे समोरच्या वाड्यातले नाना. वयाने आमच्याहून आठ वर्षांनी मोठे. त्या काळी प्रतापनगर स्थानकावरून नॅरोगेजची गाडी सुटे आणि डभोईवरून रमतगमत चांदोदला पोहोचे. (आता त्या मार्गावर रुंद रूळ पडले असून २०२१ च्या जानेवारीपासून गाडी थेट केवडियापर्यंत जाते.) चांदोदला ओरसंग नदी नर्मदेला मिळते. लोक तेथे स्नानाला, श्राद्धाला, पलीकडे करनाळीला कुबेराच्या दर्शनाला येत. आम्ही दोघे मात्र घाटावर हात जोडले न जोडले तोच वाळवंटाच्या कडेला माना खाली घालून चालू लागत असू. नर्मदेचे जितके कंकर तितके शंकर, ही म्हण आम्ही फारच मनावर घेतली होती.

अकीक ओळखण्याची युक्ती नानांनी शिकविली. वाळलेला गोटा मातकट, निस्तेज दिसतो. त्याला पाण्यात बुडवावे, उन्हाकडे धरावे, की त्याच्या पोटातले पट्टे, ढग, तांबूस लहरी उजळून निघतात. ही किमया फार पुरातन आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने गारगोटीच्या जातीच्या द्रव्याची पुटे चढवीत चढवीत हे खडे घडविले. आपल्या गुजरातेत त्यांची परंपराही तितकीच मानाची. रतनपूरच्या खाणीतला दगड खंबायतेस जायचा, तेथे तो भाजून त्याचा तांबडा रंग खुलवायचा आणि मग त्याचे मणी घडवायचे, हा उद्योग पिढ्यान् पिढ्यांचा. लोथलच्या उत्खननात तर हडप्पाकालीन मणी घडविण्याचा कारखानाच सापडला. म्हणजे आमचे वेड चार-साडेचार हजार वर्षांचे जुने आहे, असे आम्ही घरी सांगत असू. घरी त्याचा विशेष परिणाम होत नसे.

आईचे वेड यापेक्षा साधे होते. तिचे माहेर बेळगावचे. १९५६ साली लग्न होऊन ती बडोद्याला आली तेव्हा ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रह्मकमळाचे एक पान होते. हे पान म्हणजे खरे पाहता पान नव्हे. ते चपटे झालेले खोड. आणि हे ब्रह्मकमळही खरे ब्रह्मकमळ नव्हे. ते हिमालयात, बर्फाच्या शेजारी उमलते. आपल्या गच्चीवरचे हे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिका या भागांतले, झाडांच्या खोडांवर वाढणारे निवडुंगाच्या कुळातले झाड. आम्ही हे पुस्तकात वाचून मोठ्या ऐटीने आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “असेना का! बेळगावची मीही आता बडोद्याचीच झाले ना?”

तिच्या पानफुटीचाही एक किस्सा आहे. सकाळी तिचे पान चाखले तर आंबट लागते आणि दुपार टळली की तो आंबटपणा जातो, असे आई सांगे. आम्ही हसण्यावारी नेले. पुढे वाचनात आले, की बेंजामिन हाइन नावाच्या, हिंदुस्थानात वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या गृहस्थाने नेमकी हीच गोष्ट पत्राने कळविली होती आणि १८१५ साली ती छापून आली. कोरड्या हवेत तग धरणारी ही झाडे दिवसा आपली श्वासरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेली हवा आम्लाच्या रूपाने साठवितात आणि दिवसा उन्हात ती खर्ची घालतात. पाणी वाचविण्याचा हा त्यांचा प्रपंच! आईला हे सांगितले तर तिला त्याचे नवल वाटले नाही. “रात्री साठवायचे आणि दिवसा वाटायचे,” एवढेच ती म्हणाली, आणि भाजी निवडू लागली.

वाटण्यात तर तिचा हातखंडा होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका वाट्या, फण्या, कुंकवाचे करंडे लुटत. आई मातीच्या बोळक्यांतून पानफुटी लुटायची. देण्याला ‘लुटणे’ म्हणणारी आपली भाषा मोठी शहाणी आहे! ब्रह्मकमळाचे पान मागायला कोणी आले तर ती सुरीने ते कापी, गच्चीच्या कठड्यावर ठेवी आणि पाठ फिरवून म्हणे, “मी पाहत नाही हो. घेऊन जा.” चोरून नेलेले रोप जोमाने लागते, ही समजूत तिला मोडवत नसे, आणि कोणी चोरी करावी हेही तिला सोसत नसे, तेव्हा तिने हा मधला मार्ग काढला होता. जाणाऱ्याला मात्र ती बजावून सांगे, “चार दिवस सावलीत पडू दे. जखम सुकल्याशिवाय मातीत लावू नकोस.”

अशी तिची पाने दांडिया बाजारात गेली, रावपुऱ्यात गेली, लेकीबाळींबरोबर इंदूरला आणि पुण्याला गेली. एक पान समोरच्या वाड्यात नानांच्या वहिनींकडेही गेले.

आता आमच्या गोट्याकडे वळतो. १९८३ सालची कार्तिकी पौर्णिमा. चांदोदच्या काठी आमच्या पायाला एक गोटा लागला. आम्ही तो लाथेने उडविला, आणि नानांनी तो उचलून पाण्यात बुडविला. उन्हाकडे धरताच दोघांचाही श्वास थांबला. दुधी पारदर्शक खड्याच्या आत हिरवेगार शेवाळ तरंगत होते. जणू एखाद्या डोहाचा तुकडाच कोणी मुठीत दिला होता. शेवाळ अर्थात दिसण्यापुरतेच. लोह, मँगनीज यांसारख्या धातूंच्या संयुगांनी विणलेले ते धागे. नानांनी गोटा पाहायला म्हणून आमच्या हातात दिला. आम्ही पाहिला, पुसला आणि आमच्या खिशात टाकला.

परतीच्या गाडीत नाना म्हणाले, “दाखव बघू पुन्हा.” आम्ही म्हणालो, “घरी गेल्यावर.” घरी गेल्यावर आम्ही तो काचेच्या वाडग्यात, पाण्याखाली ठेवला. दोन दिवसांनी नानांनी स्पष्टच विचारले. आम्हीही स्पष्टच उत्तर दिले, की पाय आमचा लागला. ते म्हणाले, पाय तर गाढवाचाही लागतो, पारख हाताची असते. शब्दाने शब्द वाढला. लिहायलाही लाज वाटते, पण त्या दिवसापासून आमचे बोलणे तुटले आणि थोडीथोडकी नव्हे, छत्तीस वर्षे तुटलेलेच राहिले. समोरासमोरची घरे! सकाळी दोघांची दारे एकदमच उघडत, आणि दोघेही रस्त्याकडे पाहत.

बायकांची ये-जा मात्र कधी थांबली नाही. ब्रह्मकमळाच्या कळ्या माना वर करू लागल्या, की आई वहिनींना निरोप धाडी. रात्री नऊच्या सुमारास पाकळ्या सैल होत, मध्यरात्रीपर्यंत फूल पूर्ण उमले, सुवासाने जिना भरून जाई, आणि उजाडण्यापूर्वी सारे मिटून मान टाकलेली असे. त्या एका रात्रीसाठी आळी लोटे. नाना मात्र आपल्या ओट्यावरच बसून राहत. आई फक्त एकदाच बोलली. “दगडापायी माणूस टाकलास,” ती म्हणाली. आम्ही वाडग्यातले पाणी बदलत होतो. उत्तर दिले नाही.

२०११ साली आई गेली. झाडे आमच्याकडे आली. ज्या पत्र्याच्या गंजक्या डब्यात तिने ब्रह्मकमळ वाढविले होते तो आम्हांला शोभेना. आम्ही बाजारातून झिलईची सुरेख कुंडी आणली. तिला तळाशी भोक आहे की नाही, हे पाहिले नाही. आई पाणी मोजून घालीत असे, म्हणून ती होती तोवरची घडी आणखी काही वर्षे कशीबशी टिकली. पुढे ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यावर एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस कोसळला. विश्वामित्री रस्त्यांवर आली, तिच्याबरोबर मगरीही आल्या. चार दिवस कोणाला गच्चीची आठवण नव्हती. आठवण झाली तेव्हा कुंडीचे तळे झाले होते. पाने पिवळी पडली, बुंधा बोटाखाली मऊ लागला, आणि आठ दिवसांत आईचे झाड कुजून गेले. दगडाला पाणी लागते म्हणून आम्ही रोज वाडगे भरीत होतो. ज्याला पाणी नको होते त्यालाही आम्ही पाण्यातच ठेवले.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, रोपवाटिकेत शंभर-दीडशे रुपयांना मिळते. तेच झाड.” पण ते तेच झाड नव्हते. बीपासून उगवलेले रोप हे झाडाचे अपत्य असते. पानापासून लावलेले रोप म्हणजे ते झाडच, दुसऱ्या जागी उभे राहिलेले. आईच्या ट्रंकेतून आलेले झाड अजून कोठे ना कोठे जिवंत होते, यात शंका नव्हती. आम्ही शोध केला. दांडिया बाजारातले वाडे पाडून इमारती झाल्या होत्या. रावपुऱ्यातले बिऱ्हाड उठून गेले होते. इंदूरच्या आत्याचे घर विकले गेले होते. पाने कोणकोणाला दिली याची नोंद आईने कधी ठेवली नव्हती. माहीत असलेले एकच घर उरले, आणि ते आमच्या दारातून पंधरा पावलांवर होते.

ती पंधरा पावले टाकायला आम्हांला तीन आठवडे लागले. शेवटी एका संध्याकाळी गोटा रुमालात बांधला, खिशात घातला आणि रस्ता ओलांडला. नाना ओट्यावरच होते. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. समोर राहूनही आम्ही त्यांना इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. आम्ही म्हणालो, “नाना, आईचे ब्रह्मकमळ गेले. माझ्या हातून गेले.”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत हाक मारून म्हणाले, “अहो, सुरी आणा.” आम्ही त्यांच्यामागून गच्चीवर गेलो. कठड्याला टेकून आईचे झाड उभे होते, तिच्याकडे होते त्याहून दुप्पट. नानांनी चाचपून एक जून, भरदार पान निवडले, कापले आणि कठड्यावर ठेवले. मग आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, “मी पाहत नाही. घेऊन जा.”

आम्ही पान उचलले. पान होते त्या जागी रुमालातला गोटा ठेवला आणि जिना उतरलो. खाली येईपर्यंत डोळ्यांनी काही धड दिसत नव्हते.

पान चार दिवस सावलीत ठेवले. यंदा भोक पाडलेला पत्र्याचा डबाच घेतला. २०२२ च्या श्रावणात त्यावर दोन कळ्या धरल्या. आळीला निरोप गेले. नऊच्या सुमारास जिन्यावर काठीचा आवाज आला. नाना एक एक पायरी चढत आमच्या गच्चीवर येत होते. फुलाला त्यांनी हात जोडले, घोटभर कॉफी घेतली, आणि निघताना खिशातून रुमालाची गाठ काढून आमच्या हातावर ठेवली. “तीन वर्षे माझ्याकडे झाली,” ते म्हणाले. “आता कार्तिकीपर्यंत तुझ्याकडे राहू दे. मग घेऊन ये.”

तेव्हापासून तो गोटा दोन घरांत फिरतो आहे. दगडाचे दोन तुकडे केले तर दोघांकडेही काही उरत नाही, आणि पानाचे दोन केले तर झाडे दोन होतात, एवढा साधा हिशेब आईला ठाऊक होता. न वाटता येणारी वस्तूही आळीपाळीने वाटता येते, ही भर नानांनी घातली. पानफुटीला हिंदीत ‘पत्थरचट्टा’ म्हणतात. ती पोटातला खडा फोडते अशी जुनी समजूत आहे. ते खरे-खोटे वैद्य जाणोत. आमच्या पोटात छत्तीस वर्षे राहिलेला खडा मात्र एका पानानेच फुटला, याचे आम्ही साक्षीदार आहोत.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरचे असे जुने झाड पावसात, बिऱ्हाड बदलताना किंवा आमच्यासारख्या एखाद्या शहाण्याच्या हातून गेले असेल, तर ते कधी कोणाला दिले होते ते आठवून पाहा. त्या घराशी अबोला असला तरी जा. आणि कधी बडोद्यास येणे झाले तर आमच्या गच्चीवरही अवश्य या. सुरी कठड्यावरच असते. आम्ही पाठ फिरवून उभे राहू.