ड्यूकचा खून

टॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’च्या शेवटी कॅस्टिलचा ड्यूक मारला जातो. त्या खुनाकडे मी बरीच वर्षं लक्षच दिलं नव्हतं. सोळाव्या शतकाच्या अखेरचं हे नाटक इंग्रजी सूडनाट्याचं मूळ मानलं जातं. शेवटच्या अंकात इतके मुडदे पडतात, की त्यांत हा आणखी एक, एवढंच मला वाटे. सूड घेणारा हिएरोनिमो माझ्या लेखी सर्वस्वी बरोबर होता. त्याला मरावं लागतं ते केवळ त्या काळच्या धर्माला आणि कायद्याला खासगी सूड मान्य नव्हता म्हणून, असं मी मानत असे. आता तसं मानत नाही.

हिएरोनिमो स्पेनच्या दरबारातला न्यायाधिकारी. त्याच्या तरुण मुलाला, होरेशिओला, घरच्याच बागेत लटकवून भोसकतात. मारेकरी मोठ्या घरचे: ड्यूकचा मुलगा, म्हणजे राजाचा पुतण्या लोरेन्झो, आणि पोर्तुगालच्या व्हाइसरॉयचा मुलगा बाल्थाझार. तरीही हिएरोनिमो आधी राजाकडेच दाद मागायला जातो. लोरेन्झो मध्ये पडतो आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं राजाच्या मनात भरवतो. इकडे हा माणूस इतरांच्या फिर्यादी ऐकतोच आहे. एक दिवस बाझुल्टो नावाचा वृद्ध आपल्या मुलाच्या खुनाचा अर्ज घेऊन येतो. हिएरोनिमोचा तोल जातो. बाकीच्या अर्जदारांचे कागद तो दातांनी फाडतो, बाझुल्टोला आपला होरेशिओच समजतो आणि मग भानावर येऊन त्याच्यात स्वतःचंच दुःख पाहतो. किडचे वडील लंडनमध्ये दस्तऐवज लिहिण्याचा व्यवसाय करत. फाटलेल्या कागदाबरोबर माणसाचं काय काय जातं, हे त्या घरातल्या मुलाला चांगलंच ठाऊक असणार. अख्ख्या नाटकात मला या प्रवेशाइतकं हलवून सोडणारं दुसरं काही नाही.

याच प्रवेशाने मला ड्यूकपाशी आणून सोडलं. ड्यूकच्या मुलीच्या बाल्थाझारशी लग्नाच्या समारंभात हिएरोनिमो दरबारापुढे नाटक बसवतो आणि त्यातले खंजीर खरे असतात. लोरेन्झो, बाल्थाझार मरतात. ड्यूकची मुलगी बेल-इम्पेरिया स्वतःला संपवते. सूड पुरा झाला. हिएरोनिमो मुलाचं प्रेत दाखवतो, सारी हकिकत सांगतो, आणि पकडला गेल्यावर स्वतःची जीभ चावून तोडतो. मग लेखणीचं टोक करायला सुरी हवी अशी खूण करतो आणि त्याच सुरीने ड्यूकला मारतो, नंतर स्वतःला. होरेशिओच्या खुनात ड्यूकचा हात नव्हता. उलट मुलाला खडसावून त्याने हिएरोनिमोशी समेट करायला लावला होता. त्या क्षणी तो फक्त एक बाप आहे, डोळ्यांदेखत दोन मुलं गमावलेला. बाझुल्टोत ज्याला आपण दिसलो, त्याला ड्यूकमध्ये काहीच दिसत नाही. अपराधी कोण आणि निरपराध कोण, हे ठरवण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या हातून हे होतं. त्याची शोकांतिका मला आता इथे दिसते; पुढचं मरण त्यामानाने लहान आहे.

हॅम्लेटकडेही मी आता याच नजरेने पाहते. आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून, म्हणजे १८८३ पासून, हॅम्लेट मराठीत आहे आणि आपण बहुधा सूड घेण्यातल्या त्याच्या चालढकलीबद्दलच बोलत आलो. पण पडद्याआडच्या पोलोनियसला मारल्यावर, बापाचा खुनी क्लॉडियस त्याचा जसा अपराधी तसाच तो पोलोनियसच्या मुलाचा, लेअर्टिसचा, अपराधी होतो, आणि हे त्याला स्वतःलाही उमगतं.

किडच्या नाटकात बेल-इम्पेरियाच्या मृत प्रियकराचं, अँड्रियाचं, भूत सुरुवातीपासून सूडदेवतेशेजारी बसून सगळं पाहत असतं. शेवटी ते खूश होऊन शत्रूंना नरकयातना वाटतं, आणि पहिलं नाव घेतं ड्यूकचं. त्याचा दोष एवढाच, की मुलीचं अँड्रियावरचं प्रेम त्याला पसंत नव्हतं. पूर्वी मी त्या भुताच्या आनंदात सामील होत असे. आता त्या नावापाशी मला ते सहन होत नाही.

पण हिएरोनिमोला दोषी ठरवून मोकळं होणंही मला जमत नाही. त्याने सगळं सांगून टाकल्यावरही राजा छळाची धमकी देत पुन्हा तेच विचारतो. मुलगा गेला तेव्हा हिएरोनिमो याच राजापुढे न्याय मागत उभा होता, आणि ते गाऱ्हाणं राजाने ऐकून घेतलं नव्हतं.