थोडी हवा सोडून

टायरमधून सुटणाऱ्या हवेला एक वास असतो. जुन्या रबराचा, ट्यूबवर भुरभुरलेल्या पांढऱ्या पावडरीचा आणि बरेच दिवस कोंडून पडलेल्या काळोखाचा. व्हॉल्व्हची पिन नखानं दाबावी, सूं करत ती हवा सुटावी आणि भर वैशाखातसुद्धा बोटाच्या टोकाला गार लागावी. तो गारवा मला इतका आवडतो, की गेज लावायच्या आधी मी उगाचच क्षणभर बोट तिथं धरून ठेवतो.

लोणी काळभोरात माझी हवा सोडायची जागा ठरलेली आहे. सोलापूर रस्त्यावरची टँकरची रांग, डिझेलचा दर्प, हॉर्नचा कल्लोळ हे सगळं मागं टाकून मुठेच्या उजव्या कालव्याकडेला आलं, की डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो. बाभळीच्या विरळ सावलीत माझी हिमालयन मोटरसायकल उभी करायची. दोनशे किलोंच्या घरातलं धूड ते. त्यावर मी, पाण्याची बाटली, हत्यारांची पिशवी. डांबरावर एकट्यानं जायचं तर तिला पुढं २५ आणि मागं ३२ पीएसआय हवा लागते. तेवढीच हवा घेऊन मुरुमावर उतरलं, तर ती प्रत्येक खड्याशी भांडत जाते. हँडल हातात थरथरतं, पुढचं चाक सुट्या खडीवरून निसटू बघतं आणि सगळा राग मणक्यात येऊन साठतो.

म्हणून थोडी हवा सोडायची. अगदी थोडी.

सुटणाऱ्या हवेचा तो वास मला पहिल्यांदा भेटला तो हमरस्त्याच्या कडेला, पंक्चरच्या दुकानात. घमेल्यातल्या काळपट पाण्यात ट्यूब बुडायची, बुडबुड्यांची एक बारीक माळ वर यायची आणि दुकानदार त्या जागेवर असं अलगद बोट ठेवायचा, जणू तिथं काही दुखतंय. पुढं घासकाम, सोल्यूशन, ठिगळ. मग काँप्रेसरची धडधड आणि ठरलेला प्रश्न, "किती टाकू?" हवा बाजारातल्या धान्यासारखी मागून घ्यायची वस्तू आहे, याचं तेव्हा केवढं नवल वाटायचं.

आमच्या घरी आबांची बैलगाडी आधी लाकडी चाकांची होती. लोखंडी धाव चढवलेली ती चाकं ओलसर रानात खोल चाकोऱ्या पाडत जायची, आणि गाडीत ऊस असला की बैलांच्या माना जोखडाखाली खालीखाली जायच्या. मग टायरची गाडी आली. तेव्हा थेऊरच्या यशवंत कारखान्याचं धुराडं पेटतं होतं. उसानं भरलेली गाडी तिकडं निघाली, की तिचा आवाजच येईना; खडखडाट गेला आणि त्याखाली इतकी वर्षं दबून राहिलेली बैलांची घुंगरं ऐकू येऊ लागली. आबा म्हणायचे, "आता वज्झं वाऱ्यावर बसलंय." हवा भरलेलं टायर १८८८च्या सुमारास बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं केलं, तेही आपल्या पोराच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून, हे मी त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं तेव्हा ते खूश झाले. जनावरांच्या डॉक्टरालाच हे सुचणार, असं त्यांना वाटलं असावं.

वज्झं वाऱ्यावर बसतं, हे खरंच. पण त्यानं ते हलकं होत नाही. मागच्या चाकावर, समजा, १७० किलो भार आहे. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. ढोबळ हिशोबानं तो सगळा भार ७५ चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे तळहातापेक्षा कमी जागेवर उभा असतो. हवा २२ वर आणली, की तोच भार एकशेदहाच्या जवळपास पसरतो. जमिनीला टोचणारं चाक आता जमिनीवर टेकतं. खडा आला तर त्याच्याभोवती दबतं, त्याला पोटात घेतं आणि पुढं जातं. हातांना हे आधी कळतं. हँडलवरची मूठ आपोआप सैलावते, खांदे खाली येतात, आणि मग इतका वेळ आपण दात आवळून बसलो होतो हे लक्षात येतं.

पण सोडत राहण्यालाही अंत असतो. फार उतरवली, तर एखादा धारदार दगड टायरमधून थेट रिमला भिडतो आणि मधल्या मध्ये चिमटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. चढावर जोर दिला, की टायर रिमवरून सरकतं, ट्यूबला सोबत ओढतं आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. म्हणून मी व्हॉल्व्हचा नट रिमला आवळत नाही, वर टोपणाशी नेऊन ठेवतो. व्हॉल्व्ह जरा कलला, की दिसतो. मुरुमावर मागं २६ आणि पुढं २२, रेताड मऊ मातीत मागं २२ आणि पुढं १८, असे माझे या गाडीपुरते अंदाज. दगड वाढले, सामान वाढलं, मागं कुणी बसलं, की पुन्हा वर चढायचं. अडीचशे किलोंच्या जवळ जाणारी बीएमडब्ल्यू जीएस रस्त्यावरच पुढं ३६ आणि मागं ४२ मागते; तिचा हिशोब वेगळा, तिचा उताराही वेगळा. शिवाय माघातल्या पहाटे मोजलेली हवा दुपारच्या उन्हात दोन-तीन पीएसआयनं फुगलेली असते. आकडा असा हातात धरून ठेवता येत नाही.

आणि ज्येष्ठाच्या अखेरची, पावसात भिजलेली काळी माती? ती कुठलाच आकडा मानत नाही. चाकाला चिकटते, मडगार्डखाली गच्च भरते आणि गाडी जागच्या जागी खिळवते. त्या दिवसांत गाडी घरी ठेवावी आणि रस्त्याच्या कडेला उभं राहावं. कारण त्याच दिवसांत तुकोबांची पालखी पुण्याहून येते आणि लोणी काळभोरला मुक्काम करते. पाऊस झालेला असतो. मी हटकून वारकऱ्यांच्या पायांकडे बघतो. भेगाळलेल्या टाचा, चिखलात पसरलेली बोटं, आणि पसरली म्हणूनच न घसरणारी. डोक्यावर तुळस घेतलेल्या एखाद्या म्हातारीचं पाऊल चिखलात टेकतं तेव्हा आधी रुंद होतं, मग स्थिर होतं, आणि मगच दुसरं उचलतं. तिला हे कुणी शिकवलेलं नसतं. मला मात्र त्यासाठी गेज लागतं.

रामदऱ्याकडे, पाण्यानं वेढलेल्या त्या देवळाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतून जाताना हे सगळं माझ्या मनात नसतं. तिथं फक्त चाकाखालची जमीन असते. ती दर वळणाला वेगळं काही सांगते, आणि थोडं मऊ झालेलं टायर ते ऐकत ऐकत जातं. परतताना डांबर लागायच्या आत सीटखालचा पंप काढून सोडलेली सगळी हवा परत भरावी लागते, कारण मऊ टायर वेगात तापतं आणि वळणावर डोलतं. पंप मारता मारता दंड भरून येतात. हेही मला आवडतं. नमतं घेणं फुकट नसतं; ज्यानं घेतलं त्यानंच घाम गाळून पुन्हा ताठ व्हायचं.

तुम्ही कधी इकडं आलात, तर गेज माझ्याकडे आहे, पंपही आहे. फक्त किती सोडायची हे घरून ठरवून येऊ नका. ते आपण मातीवर उतरून, टाचेनं तिला दाबून बघून ठरवू.