खारपाणपट्ट्यातील क्षेत्रकार्य

समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला, म्हणजे वस्तीत, दवाखान्यात किंवा संस्थेत नेमाने काम करून त्याचा अहवाल मार्गदर्शकापुढे ठेवण्याच्या पद्धतीला, मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले तेव्हापासून मानाचे स्थान आहे. सेवाधारित अध्ययन ही १९६०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आलेली कल्पना याच कामाला आणखी एक अट घालते. काम गावाच्या गरजेतून ठरावे आणि विद्यार्थ्याला जे उमगेल ते गावाच्याही पदरात पडावे.

ही अट किती अवघड आहे, हे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत कळते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजलात क्षार अधिक असलेल्या गाळाच्या प्रदेशात, मूत्रपिंडाचे रुग्ण अनेक गावांत आढळतात आणि गावकरी त्याचा संबंध पाण्याशी जोडतात. मात्र मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्या हीही कारणे असू शकतात, म्हणून विद्यार्थ्याने निष्कर्षाची घाई करणे हा रुग्णावर अन्यायच ठरतो. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘पाण्याचा स्रोत’ असा एकच रकाना असतो आणि घरातली बाई ‘नळाचं’ असे सांगून मोकळी होते. पण तिच्याजवळ थोडा वेळ बसले, की नळाला खाडा पडला म्हणजे बोअरचे पाणी भरावे लागते आणि विकतचा जार फक्त आजारी माणसापुरता येतो, हे हळूहळू बाहेर येते. व्यक्तिसहयोगकार्य, म्हणजे एका माणसाची अडचण त्याच्या परिस्थितीसह समजून घेऊन त्याला वाट काढायला मदत करणे, हे पुस्तकातले प्रकरण इथे खरे उलगडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च भागला, तरी आठवड्यातून दोन-तीनदा करावी लागणारी एसटीची ये-जा आणि सोबतच्या माणसाचा बुडणारा रोज यांचा हिशेब कुटुंबालाच करावा लागतो. त्यामुळे शिधापत्रिकेतले नाव दुरुस्त करून देणे किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलपर्यंत पोहोचवणे हे विद्यार्थ्याचे दुय्यम काम मानता येत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर श्रमाची गोडी लावते, हे खरेच. परंतु असे प्रश्न सात दिवसांत समजतही नाहीत. शिवाय गावाने दिलेली माहिती गुणपत्रिकेपाशी थांबते, हे योग्य नव्हे. महाविद्यालयांनी रुग्णांची नावे वगळून प्रत्येक अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतीत द्यावी, तो ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तिथूनच काम पुढे चालवावे.