38 ला हसू नकोस

नागपूर, 2 मे

चि. छोटू,


परवा फोनवर म्हणालास, "आत्या, पनवेलला 38 झालं की इथले लोक हाय खातात. आपल्याकडे तेवढ्यात पोरं क्रिकेट खेळतात!" मीही हसले. फोन ठेवला आणि खारघर आठवलं. 16 एप्रिल 2023, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघड्या मैदानावर लाखो माणसं. पारा 38 च्याच आसपास होता. उष्माघातानं 14 माणसं गेली. तुझ्या साइटपासून ते मैदान किती लांब असेल?

आपल्याकडचं 45 कोरडं रे. घाम येतो तसा उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कूलर चालतो तोही याच न्यायानं. (कालच तुझ्या आतोबांनी नव्या ताट्या बसवल्या, बोट कापून घेऊन.) तुझ्याकडे समुद्राची दमट हवा. घाम नुसता निथळतो, वाळत नाही, मग अंग निवणार कसं? हवामान खातं मैदानी मुलखात 40 ला उष्णतेच्या लाटेचा विचार करू लागतं, किनाऱ्यावर 37 लाच, ते उगाच नाही. आणि तिथे कूलर घेऊ नकोस, खोलीत दमटपणाच वाढेल.

दुपट्टा बांध, पन्हं पी, ते तुला सांगायला नको. खिशातल्या कांद्यावरचा माझा विश्वास मात्र गेल्या मे महिन्यात उडाला. आपल्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग चाललं होतं. दुपारी दोनला एक पोरगा भिंतीला टेकून बसला. अंग तव्यासारखं, आणि मला आई समजून बैलांची वैरण विचारायला लागला. खिशात कांदा होताच. मी तांब्या घेऊन धावले तर शेजारच्या निवृत्त नर्सबाई माझ्यावर ओरडल्या, "शुद्धीत नाही तो, पाणी पाजू नका, श्वासनळीत जाईल!" त्याला सावलीत ओढलं, शर्ट काढला, अंगावर बादल्या ओतल्या, ओलं करून पंखा लावला. तोवर आतोबांनी 108 ला फोन केला होता. पोरगा वाचला. चक्कर आली, पाय वळले, तर सावली आणि ओआरएसनं भागतं. माणूस भलतंच बोलू लागला की दवाखाना, आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहायचं.

नंतर कळलं, त्याचा कामावरचा तो दुसराच दिवस होता. ऊन अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानं तेवढे दिवस कधी मागितले नसते आणि आम्हीही विचारलं नाही, हे अजून सलतं. आणि तू? सहा वर्षं पुण्यात एसीत बसलास. नागपूरचं अंग तुझ्याजवळ उरलेलं नाही, फक्त फुशारकी उरली आहे.

पण तू निदान साहेब आहेस, सावलीला जाताना कुणाला विचारावं लागत नाही. स्लॅबवरच्या माणसांना तुलाच विचारावं लागतं. लग्नसराई आटोपून गावाहून परतलेल्यांना पहिले चार दिवस अर्धंच काम दे. पहाटे लवकर सुरू कर, बारा ते चार बंद ठेव. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

रविवारी फोन कर. दुपारचं काम बंद केलंस का, हेच आधी विचारणार आहे.

तुझी,
आत्या